कोकणात बसून वेबसाइटचा धंदा: पहिल्या फोनपासून साइट सोपवेपर्यंत

कुडाळ-मालवण पट्ट्यात वेबसाइट करून देण्याचं काम मी गेली काही वर्षं करते. गिऱ्हाईक साधारण तीन प्रकारचं: होमस्टेवाले, आंबा-काजू-कोकमवाले, आणि दवाखाने किंवा लहान कारखाने. तिघांचंही पहिलं वाक्य सारखंच असतं, "एक चांगलीशी वेबसाइट करून द्या." चांगलीशी म्हणजे काय, हे विचारलं की समोरचे काका गप्प होतात, किंवा पुतण्याच्या फोनवरची कुठल्या तरी मोठ्या हॉटेलची साइट दाखवतात.

एकट्याने किंवा दोघातिघांनी हे काम सुरू करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. रंग, अक्षर, फोटो, मांडणी यांतून आपण गिऱ्हाइकाच्या वतीने एका अनोळखी माणसाशी बोलत असतो. तो माणूस पुण्यात, कोल्हापुरात किंवा बेळगावात फोन हातात घेऊन बसलेला असतो आणि त्याच्या मनात चारपाच प्रश्न असतात. ते प्रश्न कोणते हे कळेपर्यंत मी संगणक उघडत नाही. पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे.

आधी आठ दिवस फोन ऐका

काम ठरलं की गिऱ्हाइकाला एक वही द्या. आठ दिवस जो कोणी चौकशीचा फोन करील त्याने विचारलेला पहिला, दुसरा, तिसरा प्रश्न जसाच्या तसा लिहायचा. वही शक्यतो घरात जो फोन उचलतो त्याच्याकडे द्यावी. बहुतेक घरांत त्या वहिनी असतात, आणि पाहुण्यांना काय हवं असतं ते मालकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

तारकर्लीकडच्या होमस्टेची वही साधारण अशी भरते: समुद्र चालत किती लांब? गाडी दारापर्यंत येते का? टॉयलेट खोलीतच आहे ना? जेवणात मासे रोज मिळतील का? आई शाकाहारी आहे, तिची सोय होईल का? पाचजणांना एक खोली द्याल का? इतके दिवस मालक ज्याचा आग्रह धरत असतो तो 'आमच्याविषयी' नावाचा परिच्छेद या यादीत कुठेच नसतो. आजोबांनी घर कधी बांधलं हे पाहुण्याला ऐकायला आवडेल, पण ओटीवर बसून चहा घेताना. फोनवर त्याला आधी टॉयलेटचं कळायला हवं.

आंबा बागायतदाराची वही वेगळी. पेटी किती डझनाची? फळ केवढं? पिकलेला येतो की अढी घालावी लागते? पुण्यात घरपोच किती दिवसांत? देवगडचाच कशावरून? या शेवटच्या प्रश्नाला निदान 'कोकणचाच' एवढं उत्तर देता येतं. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते मानांकन आणि त्याचं चिन्ह वापरायचं तर त्या बागायतदाराची 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी हवी. चिन्ह साइटवर चढवण्याआधी प्रमाणपत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. काजूगर, कोकम आगळ, मालवणी मसाला विकणाऱ्यांकडून अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही तेव्हाच मागून घ्या. साइट तयार झाल्यावर मागितलात तर आठवडा जातो.

वहीतले प्रश्न मोजा. सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न पानावर सर्वांत वर, मग दुसरा, मग तिसरा. पहिल्या पानाचा आराखडा इथेच तयार होतो.

कागदाचा तुकडा, फोनच्या मापाचा

पोस्टकार्ड उभं धरलं की साधारण फोनचा पडदा होतो. अशी पाचसहा कार्डं घ्या आणि पेन्सिलीने चौकटी काढा. पहिल्या कार्डावर तीनच गोष्टी बसतात: कुठे आहे आणि काय आहे हे सांगणारं एक वाक्य, एक फोटो, आणि फोन किंवा व्हॉट्सॲपचं बटण. "निसर्गाच्या सान्निध्यात अविस्मरणीय अनुभव" हे वाक्य गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही होमस्टेला चालतं, म्हणून कुणाच्याच उपयोगाचं नाही. "देवबागच्या किनाऱ्यापासून चालत तीन मिनिटं, माडांच्या वाडीत चार खोल्या" एवढ्यात तीन प्रश्न मिटतात.

बटण अंगठ्याच्या टप्प्यात ठेवा, एका पानावर एकच ठळक. 'फोन करा', 'बुक करा', 'व्हॉट्सॲप करा', 'चौकशी करा' अशी चार रंगीत बटणं शेजारी मांडली की माणूस थबकतो.

नकाशाची जागा आधीच ठरवा. वाडीतल्या पाणंदीत गुगल मॅप पुष्कळदा चुकतं आणि पाहुणा रात्री भलत्याच्या खळ्यात जाऊन उभा राहतो. स्वतः जाऊन पिन बरोबर लावा आणि खाली शब्दांत खूण लिहा: मुख्य रस्ता कुठे सोडायचा, वळणावर काय दिसतं, मोठी गाडी कुठे लावायची.

रंग: सावंतवाडीच्या गंजिफांकडून शिकण्यासारखं

सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही गंजिफा (खेळायचे जुन्या धाटणीचे पत्ते) रंगवल्या जातात. दशावतारी गंजिफेत एकशेवीस गोल पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं. पान कितीचं आहे ते चिन्हं मोजून कळतं आणि राजा-प्रधानाची पानं चित्रावरून लगेच वेगळी दिसतात. गटागटांच्या जमिनीचा रंगही वेगळा असतो. म्हणजे एकच गोष्ट रंगातूनही सांगितली जाते आणि आकारातूनही. दिव्याच्या उजेडात रंग नीट ओळखू आला नाही तरी डाव अडत नाही.

साइटवर हेच करायचं. खोली शिल्लक आहे हे हिरव्या ठिपक्याने आणि भरली आहे हे लाल ठिपक्याने दाखवत असाल तर शेजारी 'शिल्लक' आणि 'भरली' हे शब्दही लिहा. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं आपल्याला वाटतात त्याहून जास्त आहेत. शिवाय भर उन्हात फोनवर सगळेच रंग फिके पडतात.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांतल्या उजळपणाच्या फरकाला ठरलेलं माप आहे. वेबच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे साध्या मजकुराला हे गुणोत्तर किमान ४.५:१ हवं, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतं. क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये रंगावर क्लिक केलं की हा आकडा दिसतो. आंबेवाल्यांना हटकून पांढऱ्यावर आंबापिवळी अक्षरं हवी असतात आणि ती ४.५ च्या जवळपासही पोचत नाहीत. अशा वेळी उलटं करून दाखवा: आंबापिवळी जमीन, तीवर जवळजवळ काळं अक्षर. रंगही राहतो आणि वाचताही येतं.

रंग तीनच घ्या. एक मुख्य, एक बटणापुरता, बाकी मजकुराचा गडद. मुख्य रंग त्या जागेतून उचलावा. जांभ्या चिऱ्याचं घर असेल तर पावसात भिजल्यावरचा चिऱ्याचा रंग बघा, उन्हाळ्यातल्यापेक्षा तो फार खोल असतो. प्रत्येक किनाऱ्यावरच्या साइटला निळाच रंग देण्याची सवय मला पटत नाही. दहा साइट्स शेजारी ठेवल्या तर ओळखू येणार नाहीत.

देवनागरी नीट बसवा

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवावा असं मला मनापासून वाटतं. मराठी साइट्स वाचवत नाहीत याचं कारण पुष्कळदा इंग्रजीसाठी केलेली मापं तशीच ठेवलेली असतात.

इंग्रजीला ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट पुरतं. देवनागरीत वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरं. 'कुर्ल्या', 'मूर्ती', 'सुट्ट्यांमध्ये' एकाखाली एक आले की एका ओळीचा उकार दुसरीच्या वेलांटीला टेकतो. १.६ ते १.८ पट अंतर ठेवा. त्याच मापाचं देवनागरी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान भासतं, म्हणून मजकूर सोळाऐवजी अठरा पिक्सेलचा घ्या. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सोय देवनागरीला अजिबात लावू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. तिरपं अक्षरही नको. फॉन्टमध्ये ठळक वजन (जाड अक्षरांचा वेगळा संच) नसेल तर ब्राउझर अक्षर नुसतं फुगवतो आणि 'ष', 'क्ष' यांच्या पोटातली जागा बुजते, तेव्हा ठळक वजन खरोखर आहे ना ते तपासा.

मुक्त परवान्याचे चांगले फॉन्ट आज भरपूर आहेत. 'एक टाइप'चे मुक्ता आणि बालू, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स, शिवाय नोटो सान्स देवनागरी. लांब मजकुराला टिरो देवनागरी मराठी छान दिसतो. देवनागरीच्या फाइल्स इंग्रजीपेक्षा जड असतात, म्हणून एक फॉन्ट आणि त्याची दोन वजनं एवढ्यावर भागवा.

फॉन्ट पक्का करण्याआधी मी एक ओळ टाइप करून बघते: "ॲडव्हान्स भरून किनाऱ्यालगतची न्याहारी-निवासाची खोली आरक्षित करा, तऱ्हेतऱ्हेचे मासे, श्रीक्षेत्र दर्शन." यात ॲ आहे, 'ऱ्या' आणि 'ऱ्हे' आहेत, श्र आणि क्ष आहेत. 'किनाऱ्या'तला अर्धा र मोडून पायमोडका दिसला तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा. काही फॉन्टमध्ये तेवढ्याने 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे येतात, आणि अंधांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही योग्य भाषा निवडतं.

आणखी एक अडचण हमखास येते. गिऱ्हाईक म्हणतं, मजकूर तयार आहे, डीटीपीवाल्याकडून घ्या. फाइल उघडली की सगळी इंग्रजी चिन्हांची खिचडी, कारण ती श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेली असते. परिवर्तकातून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या पद्धतीत आणा, पण तसंच चढवू नका. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा बदलतात. छापील प्रत समोर ठेवून एकेक ओळ वाचावी लागते. या कामाचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे दाखवा.

फोटोंचं वेळापत्रक आणि वजन

आंब्याची साइट जानेवारीत हवी असते आणि झाडाला तेव्हा मोहोर असतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये, काम असो वा नसो, ओळखीच्या बागांमध्ये जाऊन तोडणी, झेला (फळं उतरवायची जाळी लावलेली काठी), पेटीत गवत घालून लावलेली फळं यांचे फोटो काढून ठेवा. दुसऱ्याच्या साइटवरचा आंबा उचलून लावू नका. बागायतदाराचं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं तेच असतं, त्याला पेटी ओळखता येते.

होमस्टेचे फोटो सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना काढा. माडांखाली दुपारी ऊन-सावलीचे ठिपके पडतात आणि माणसांचे चेहरे चट्ट्यापट्ट्यांचे दिसतात. खोलीचा फोटो दारात उभं राहून, छातीच्या उंचीवरून. बाथरूमचा फोटो हवाच, वहीतला प्रश्न आठवा.

आता वजन. हल्लीच्या फोनमधला एक फोटो सहज चार एमबीचा असतो. पाच लावले की वीस एमबी. आपल्याकडे घाटात किंवा वाडीत दोन एमबीपीएसचा वेग मिळाला तर हे पान उतरायला ऐंशी सेकंद लागतील. तेवढा वेळ कोणी थांबत नाही. फोटो सोळाशे पिक्सेल रुंदीचा करा, वेबपी प्रकारात साठवा, दोनशे केबीच्या आसपास आणा. गुगलच्या मापाप्रमाणे पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. कार्यालयातल्या वायफायवर तपासून उपयोग नाही, एसटीत बसून कणकवलीपर्यंत जाताना उघडून बघा.

दर कसा काढायचा

"बाजारात पाच हजारात होते" हे वाक्य ऐकायला मिळणारच. त्याला उत्तर देण्याआधी आपला आकडा आपल्याला ठाऊक हवा.

समजा घरखर्चाला महिना पंचवीस हजार लागतात. इंटरनेट, वीज, इन्व्हर्टर, पेट्रोल, सॉफ्टवेअर मिळून आठ हजार. आजारपण आणि नव्या लॅपटॉपसाठी बाजूला पाच हजार. महिन्याचे ३८,०००, वर्षाचे ४,५६,०००. आता खरे कामाचे दिवस मोजा. महिन्यातले निम्मे दिवस फोन, भेटी आणि वसुलीत जातात, म्हणून पैसे मिळतील असे दिवस चौदा धरा, वर्षाचे १६८. त्यातून गणपती वजा, शिमगा वजा, जुलैत वीज आणि नेट नसलेले दिवस वजा. राहतात १४० च्या आसपास. ४,५६,००० भागिले १४० म्हणजे दिवसाचे साधारण ३,२६०. पाच पानांच्या साइटला नऊ दिवस लागत असतील तर तीस हजारांच्या खाली तुम्ही खिशातून घालताय. तुमचे आकडे वेगळे असतील, गणित हेच.

पैसे तीन टप्प्यांत घ्या: निम्मे काम सुरू करताना, तीस टक्के आराखडा पसंत झाल्यावर, वीस टक्के साइट खुली करण्याआधी. 'खुली झाल्यावर देतो' याला मान्यता देऊ नका, कितीही ओळखीचं घर असलं तरी. उलट ओळखीच्या घरी नकार देणं जड जातं, म्हणून कागदावर आधीच लिहिलेलं बरं.

एका पानाचा मराठी करार पुरे. किती पानं, मजकूर कोण देणार आणि कधीपर्यंत, बदलाच्या किती फेऱ्या (मी दोन ठेवते), जास्तीच्या फेरीचा दर. हक्कांचं एक वाक्य विसरू नका. कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या मजकुराचा आणि कोडचा पहिला मालक तो स्वतः असतो. हस्तांतर लेखी लागतं आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरली जातात. म्हणून "पूर्ण रक्कम मिळाल्यावर सर्व हक्क कायमचे गिऱ्हाइकाकडे" असं स्पष्ट लिहा.

लहान उद्योगांसाठीची 'उद्यम' नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, ती करून टाका. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की लागते. बाकी हिशेब सीएला विचारा.

आराखडा दाखवताना

दोनपेक्षा जास्त आराखडे दाखवू नका. फाइल पाठवून "कसं वाटतं?" असं विचारलंत तर घरातले सातजण सात रंग सुचवतील. समोर बसा, फोन त्यांच्या हातात द्या आणि सांगा, "समजा तुम्ही सांगलीहून येताय, दोन मुलं बरोबर आहेत. खोली किती रुपयांना पडेल ते शोधा." मग गप्प बसून बघा. बोट कुठे अडखळतं, कुठे परत वर जातं, ते टिपा. लोगो मोठा करा म्हणणारे काकाही दर सापडला नाही की स्वतःच म्हणतात, "ह्या जरा वर घ्या."

डोमेन कुणाच्या नावावर?

डोमेन म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता. तो गिऱ्हाइकाच्याच नावावर. त्यांचा ईमेल, त्यांचा फोन, त्यांच्या खात्यातून पैसे. माझ्याकडे आलेल्या एका होमस्टेचं डोमेन आधीच्या साइटवाल्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. त्याने धंदा बंद केला, नूतनीकरण राहिलं, आणि ऐन दिवाळीच्या सुट्टीत पत्ता बंद पडला. छापलेली कार्डं, रस्त्यावरचा बोर्ड, सगळ्यावर तोच पत्ता होता. त्या माउलीचं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे या बाबतीत मी कुणालाच सवलत देत नाही.

साइटची एक प्रत स्वतःच्या डिस्कवर आणि एक इंटरनेटवर दुसऱ्या ठिकाणी ठेवा. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते वादळ ज्यांनी इथे काढलं त्यांना घरातली एकच प्रत पुरत नाही हे समजावून सांगावं लागत नाही.

वर्ष कसं आखायचं

जून ते ऑगस्टमध्ये नवी साइट बांधा. एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक मासेमारी बंद, समुद्रातले खेळ बंद, पाहुणे कमी. गिऱ्हाइकाला बसायला वेळ असतो. होमस्टे आणि स्कुबावाल्यांची साइट सप्टेंबरअखेर, दिवाळीच्या आरक्षणांआधी खुली व्हावी. गणपतीच्या आठवड्यात कुठलीही मुदत ठेवू नका. चाकरमानी घरी आलेले असतात, कुणी फोन उचलणार नाही आणि उचलूही नये. आंबेवाल्यांचं काम नोव्हेंबर-डिसेंबरात घ्या. पावसाळ्यात 'समुद्रातले खेळ सध्या बंद' आणि 'ताजे मासे उपलब्धतेनुसार' ही पट्टी गिऱ्हाइकाला स्वतः लावता-काढता आली पाहिजे.

त्यासाठी सोपवण्याचा एक पूर्ण दिवस ठेवा. ज्या वहिनींनी वही भरली त्यांनाच शेजारी बसवा. दर बदलणं, फोटो चढवणं, पट्टी लावणं, या तीन गोष्टी त्यांच्या हातून दोनदा करून घ्या, आपण माउसला हात लावायचा नाही. पायऱ्या मराठीत, फोनवरच्या चित्रांसह, एका कागदावर छापून स्वयंपाकघरात किंवा फोनजवळ चिकटवा.

आणि जुनी वही परत त्यांच्याकडे द्या. साइट खुली झाल्यावर महिन्याने जाऊन बघा. "समुद्र किती लांब?" हा प्रश्न अजूनही तितक्याच वेळा लिहिलेला असेल, तर पानावरचं ते वाक्य कुणाला दिसत नाहीये. तिथून काम पुन्हा सुरू करा, त्याचे वेगळे पैसे न घेता.